मागचं सोबत जोडलं आहे

२ मार्च

शहाण्या मेहुण्या,

नमस्कार केलेला तुला आवडत नाही, म्हणून वाचवला.

तू बसवून दिलेलं पत्रांचं मशीन तापलंय. जिन्याखालच्या कोनाड्यात तू ठेवलंस तिथेच आहे, मी त्याला हात लावलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण तू पहिला प्रश्न तोच विचारणार. त्याचा पंखा असा ओरडतो की काट्यासमोर बसलेल्या माणसाला वाटावं, पाठीमागे गिरणी चालू आहे. आपलं पत्र बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही, आणि आलंच तर परवाचं आज येतं. गिऱ्हाईक विचारतं, "माझ्या वजनकाट्याच्या तपासणीचा दाखला पाठवला म्हणता, कुठाय?" मी म्हणतो, निघालाय. जन्मभर लोकांचे काटे दुरुस्त केले, गुंजेचा फरक खपवून घेतला नाही, आणि म्हातारपणी तुझ्या डबड्यापायी खोटं बोलतोय.

बाजारातल्या दुकानातून एक तज्ज्ञ आणला होता. त्याने मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही जुनं झालंय." त्याला दारातूनच परत पाठवला.

मला झोप नाही. आग लागेल का? तुझी बहीण म्हणते, लागत नाही. पण तिच्या मतावर किती जायचं? परवा तिने त्या मशीनवर पायपुसणी वाळत घातली होती, लवकर वाळतात म्हणून.

आणखी एक. वरच्याचं तुला माहीतच आहे. चुलतभाऊ आहे हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, आणि तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर मोठेपणा केला. बायको गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटाच असतो, आता मुलगी त्याला तिच्याकडे कायमचा बोलावतेय. जाणार असं कानावर आलंय. आम्ही बोलत नाही, लिहितो. जायच्या बाबतीत त्याने मला काहीतरी लिहिलंय आणि ते मशीनच्या पोटात अडकलंय, असं तुझी बहीण सांगते. तेवढं बाहेर काढून दे. मला त्याचं काही पडलेलं नाही. पण तो काय लिहितो ते मी वाचायच्या आत तो गेला, तर शेवटचा शब्द त्याचा राहील. ते मी चालवून घेणार नाही.

लवकर कळव.

तुझ्या बहिणीचा नवरा


७ मार्च

भाऊजी,

मशीनला हात लावलेला नाही हे वाचून काळजी वाटली. तुम्ही न केलेल्या गोष्टी कधी सांगत नाही.

फोन करत नाही, कारण मला ऐकू येत नाही आणि तुम्हाला ऐकायचं नसतं. कागद बरा. उंटावरून शेळ्या हाकतोय असं म्हणू नका, उंट तुम्हीच पाठवलात.

मशीन लिनक्सचं आहे. त्यात चित्रं नाहीत, काळा पडदा आहे. मालकाच्या नावाने आत शिरा, 'टॉप' हा शब्द इंग्रजीत लिहा आणि एंटर दाबा. मशीनच्या आत कोण किती राबतंय ते दिसेल, सगळ्यात हावरा सगळ्यात वर. त्याचं नाव मला लिहून पाठवा. मग तिथून बाहेर येऊन 'मेलक्यू' लिहा. अडकलेल्या पत्रांची रांग दिसेल. कुणी पाठवलं, कुणाला, आणि केवढं जड. तेही उतरवून घ्या.

खरं तर मला बघायचीही गरज नाही. नोकरीत असली रडगाणी रोज ऐकली. प्रोसेसर तापला, रांग तुंबली, म्हणजे कुणीतरी तुमच्यापैकी एकाचा पासवर्ड चोरलाय आणि तुमच्या मशीनमधून जगभर टक्कल जायच्या औषधाच्या जाहिराती पाठवतोय. चोराला काय कष्ट पडले असतील? तुमचा पासवर्ड एक ते सहा आकडे असा आहे. मी सांगूनही तुम्ही बदलला नव्हता, वर म्हणाला होता, "चढता क्रम लक्षात राहतो."

सगळ्यांचे पासवर्ड आजच्या आज बदला. कुणाच्या मनातही येणार नाही असे ठेवा. आग लागणार नाही. ताईला सांगा, पायपुसणी दोरीवर घाल.

तुमचा मेहुणा


१२ मार्च

शहाण्या,

सगळं केलं. चष्मा दोनदा पुसला, शब्द चारदा चुकला, पण केलं.

सगळ्यात वर जो बसलाय त्याचं नाव 'स्कॅन' असं काहीतरी आहे, पुढचं मला वाचता आलं नाही. त्याच्यासमोर शंभराच्या आसपास आकडा. बराच वेळ बघत बसलो, खाली येतच नाही. बाकीचे सगळे शून्यावर बसून मजा बघतायत. एक राबतो आणि वीस बघतात, म्हणजे हे मशीन सरकारी कचेरीवरून बेतलंय की काय?

रांगेतल्या पत्रांची वजनं सोबतच्या कागदावर उतरवली आहेत. वजनाच्या बाबतीत माझी चूक व्हायची नाही. नावांचा रकाना मात्र कागदावर मावला नाही.

पासवर्ड तीनच होते. माझा, कारखान्याचा आणि वरच्याचा. तिन्ही बदलले. वरच्यासाठी तर विचार करून शब्द शोधला, त्याच्या मनात सात जन्मांत यायचा नाही. गुपित ते गुपित, म्हणून कुणालाही सांगितलेला नाही.

पण तुझ्या जाहिराती थांबल्या असतील तर थांबोत, पंखा थांबलेला नाही. उलट काल त्यातून करपल्यासारखा वास आला. तुझी बहीण म्हणाली भाजी लागली, पण मी तिला भाजी काढून घ्यायला लावली आणि पुन्हा वास घेतला. नक्की सांगता येत नाही.

मोठ्या गोदामाचा माणूस येऊन गेला. त्यांचा ट्रक तोलायचा काटा आपण तपासायचा, त्याची तारीख त्यांनी पत्राने कळवली होती म्हणे. मला पत्र नाही. तो म्हणाला, "तुमचं कार्यालय चालू आहे ना?" असं विचारलं त्याने, माझ्या तोंडावर.

वर पेट्या ओढल्याचा आवाज चाललाय. त्याची जमीन ती माझं छत आहे, ही जाणीव त्याला कधी नव्हतीच. पत्र अजून आलेलं नाही. तू काय करतोयस?

बहिणीचा नवरा


१६ मार्च

भाऊजी,

माझा अंदाज चुकला. हे एकदाच लिहितोय, पुन्हा वाचावंसं वाटलं तर हे पत्र जपून ठेवा. साप साप म्हणून भुई धोपटली.

जाहिराती वगैरे काही नाहीत. चोर तुमच्या वाटेलाही गेलेला नाही, त्यालाही अब्रू असते. वर बसलाय तो तपासनीस आहे. आलेलं प्रत्येक पत्र उघडून त्यात विषाणू लपलाय का ते बघणं, एवढंच त्याचं काम. पाकिटात पाकीट असलं तर तेही उघडतो, त्यात आणखी असलं तर तेही. त्याला ठराविक वेळ दिलेला असतो. तेवढ्यात संपलं नाही तर पत्र परत रांगेत जातं, आणि थोड्या वेळाने तो तेच पाकीट पुन्हा पहिल्यापासून उघडायला घेतो. तुमच्याकडे तो हेच करतोय. म्हणून तापलाय, आणि म्हणून गोदामवाल्याचं चिटोरंही त्याच्यामागे खोळंबलंय.

वजनं बघितली. एवढं जड पत्र शुद्धीवरचा माणूस लिहीत नाही. कोण पाठवतंय हे? रकाना कागदावर मावला नाही म्हणता, त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे. उजेडात धरून बघितली.

खाली एक ओळ लिहून दिली आहे. ठिपके, रेघा सुद्धा जसंच्या तसं लिहा आणि एंटर दाबा. रांगेतली सगळी जड पत्रं कायमची नाहीशी होतील आणि मशीन त्याच घटकेला थंड पडेल. कुणाची का असेनात, ज्याला गरज असेल तो पुन्हा पाठवेल.

आणि पासवर्ड बदलला तर तो ज्याचा आहे त्याला सांगायचा असतो! कुलूप बदलून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्याला घरमालक म्हणत नाहीत. आजच वर जाऊन सांगा.

तुमचा मेहुणा


१९ मार्च

धाकट्या,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. ह्यांना वाटतंय मी बाजारात गेलेय.

तू ह्यांना जी ओळ पाठवलीस ती ह्यांनी खिशात ठेवली आहे. दिवसातून दहादा काढतात, मशीनपाशी जातात, परत येतात. तुला सगळं सांगितलेलं नाही, म्हणून मीच सांगते.

ती जड पत्रं ह्यांचीच आहेत. ह्यांची आणि वरच्यांची. दुसऱ्या कुणाची असणार?

आमच्या कारखान्याची रीत तू बघितलेली नाहीस. काटा तपासला की दाखला देतात, आणि त्या काट्याचे मागचे जेवढे दाखले झाले असतील तेवढे सगळे नव्याच्या मागे टाचतात. मागचं जोडलेलं नसेल तर नवा दाखला धरत नाहीत. आमच्या सासऱ्यांनी लावून दिलेली शिस्त. दुसरी शिस्त अशी, की तोंडी सांगितलेलं माप धरायचं नाही, लेखी द्यायचं. काट्यांसाठी ठीक आहे रे! पण ह्या दोघांनी भांडणालाही तीच रीत लावली.

भांडण कशाचं, तर आतल्या खोलीतल्या खिडकीचं. तिथे सोनारांचे बारीक काटे लावतात. हे म्हणतात, खिडकी बंद हवी, वाऱ्याने पारडं हलतं. ते म्हणतात, उघडी हवी, जीव गुदमरतो. त्यावरून बोलणं बंद झालं आणि पत्रं सुरू झाली. एकाने लिहायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तरासोबत आधीचं आख्खं पत्र जोडायचं. त्या पत्राला त्याच्या आधीचं जोडलेलं असतंच. मध्येमध्ये खिडकीचे फोटोही. असं किती वर्षं चाललंय ते मोजायची मला इच्छा नाही. पाकिटात पाकीट म्हणालास ना, हे तेच.

आता खरी गोष्ट ऐक. मी रोज जेवण घेऊन वर जाते. वरचे मला म्हणाले, "मी त्याला लेखी विचारलंय, मी जाऊ की राहू? उत्तर आलेलं नाही." मी त्याच पावली खाली येऊन ह्यांना सांगितलं. तर हे काय म्हणाले असतील? "तोंडी निरोप मी धरत नाही." मी वर जाऊन म्हटलं, मशीन बिघडलंय, पत्र पोचलेलं नाही. ते म्हणाले, "मशीन बिघडलंय हे तरी त्याने लेखी कळवलंय का?" दोघांचं डोकं एकाच साच्यातलं, मधला जिना तेवढा वेगळा.

त्यात तुझं ते पासवर्डचं. एक दिवस त्यांना पत्रपेटी उघडेना. 'चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड'. त्यांनी मला बोलावून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, उत्तर दिलं त्याने. दार लावून घेतलं." त्याच दिवशी माळ्यावरून पेट्या काढल्या. महिनाअखेरीला ट्रक येणार आहे. मी ह्यांना म्हटलं, निदान पासवर्ड तरी सांगा. हे म्हणतात, मशीन बरं झालं की सांगू, घाई काय आहे?

ह्यांना त्यांनी जावंसं वाटत नाही. मला विचारशील तर, ते गेले तर हे सहा महिने काढायचे नाहीत. भांडायला मी आहे, पण मी लेखी भांडत नाही.

आता ती ओळ ह्यांनी मारली तर तो प्रश्नच पुसला जाईल. काहीतरी कर. आणि पायपुसण्यांबद्दल बोलायची तुला गरज नव्हती.

ताई


२२ मार्च
(तातडीच्या टपालाने)

भाऊजी,

ती ओळ मारू नका. मारू नका. मारू नका. तीनदा लिहिलं, कारण एकदा लिहिलेलं तुम्ही बिनमहत्त्वाचं समजता.

कुठून कळलं ते विचारू नका. चाळीस वर्षं मशीनं सांभाळली. व्हायरस बघितले, चोर बघितले, कपाटात घरटं करून बसलेला उंदीर बघितला. खिडकी उघडी की बंद, यावरून प्रोसेसर जाळणारे दोन म्हातारे पहिल्यांदाच बघितले. तपासनिसाला विषाणू शोधायला ठेवला होता. तुमच्या पत्रांत विष एवढं आहे की तो बिचारा कुठलं धरू आणि कुठलं सोडू!

नीट वाचा. खालच्या दोन ओळींपैकी पहिलीने तपासनीस घटकाभर झोपेल. दुसरीने रांग सुटेल. पत्रं न तपासता सरळ तुमच्या पेटीत पडतील, वरच्यांचंही पडेल. ते वाचा, आणि उत्तर द्या. उत्तराला मागचं काही जोडू नका. जोडलंत तर तिथे येऊन मशीन खिडकीतून बाहेर फेकीन. तेवढ्यासाठी तरी उघडी ठेवा.

मेहुणा


२४ मार्च
(तातडीच्या टपालाने)

मेहुण्या,

तुझं तातडीचं पत्र आज आलं. ओळ काल मारली.

मारायची नव्हती. पण गोदामवाल्याने दुसऱ्या कारखान्याकडे जाईन असं सांगून पाठवलं, आणि त्याच वेळी वरून दोन माणसं जिन्याचं माप घेऊन गेली, कपाट उतरतं का ते बघायला. माझ्यासमोरून टेप धरून गेली. माप चुकीचं घेतलं, ते वेगळंच. मला काय झालं कळलं नाही, खिशातला कागद काढला आणि ठिपक्यारेघांसकट लिहून एंटर दाबलं.

पंखा थांबला. गोदामाचं पत्र आलं, आणि तुंबलेली बाकीची सगळी आली. त्याचं आलं नाही. 'टॉप' लिहून बघितलं, आता तो स्कॅनवालाही शून्यावर बसून माझी मजा बघतोय.

ते पत्र कुठूनतरी परत आणता येतं का? काहीतरी असेल की. तुझ्या त्या लिनक्समध्ये एवढ्या ओळी आहेत, एक तरी उलटी नसेल?

ट्रक चार दिवसांनी येतोय. प्रश्नच आला नाही तर उत्तर कशाला द्यायचं, सांग.


२६ मार्च
(तातडीच्या टपालाने)

भाऊजी,

उलटी ओळ नाही.

जिना आहे. चढा.


८ एप्रिल

शहाण्या मेहुण्या,

तुझं सहा शब्दांचं पत्र मिळालं. तातडीच्या टपालाला एवढं तिकीट लावून कुणी सहा शब्द पाठवतं का? बाकीचा कागद फुकट गेला.

पुढे काय झालं ते तुझी बहीण तुला मीठमसाला लावून कळवेल, म्हणून खरं ते मीच लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हा ट्रक दारात उभा होता. मी चढलो. गुडघा दुखत होता, कठडा धरून चढलो. तिथे पाय ठेवून इतकी वर्षं झाली होती की वरच्या वळणावर भिंतीचा रंग बदललाय हे मला माहीत नव्हतं. भिकार रंग आहे. तो रिकाम्या खोलीत पेटीवर बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "लेखी आणलंयस?"

मी म्हटलं, "तुझं पत्र मला मिळालेलं नाही. मशीनमध्ये अडकलं होतं. आता पुसलं गेलं."

"पुसलं गेलं की पुसलं?"

"पुसलं."

"वा!" तो म्हणाला. "मग प्रत काढतो. पाठवलेल्या पत्रांची प्रत माझ्या पत्रपेटीत आहे. पण पेटीचं दार तू लावलंयस. पासवर्ड बोल."

आता इथे तुझी चूक आहे. तूच लिहिलं होतंस, कुणाच्या मनातही येणार नाही असा शब्द ठेवा. त्याच्या मनात काय येणार नाही याचा मी विचार केला होता. तो शब्द त्याच्या तोंडावर उच्चारायची वेळ येईल, याचा केला नव्हता. मी चष्मा काढून पुसायला घेतला. खालून तुझी बहीण ओरडली, "अहो, सांगा की!" ट्रकची दोन माणसं कपाट तिरकं धरून उभी होती, ती पण ऐकायला थांबली.

"खिडकीबंदचबरी," मी म्हणालो. "सगळं एकत्र, मध्ये जागा न सोडता."

मला वाटलं, आता पेटी फेकून मारतो. तो हसला, मेहुण्या. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि ट्रकवाल्यांपैकी एकाने कपाट ठेवून त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाला, "हा शब्द मी हाताने लिहून आत शिरू? त्यापेक्षा ती प्रत आत कुजली तरी चालेल. तोंडाने विचारतो. मी जाऊ की राहू?"

आता तूच सांग, माणसाने असं एकदम विचारलं तर काय बोलायचं? विचार करायला वेळ नाही, खाडाखोड करायची सोय नाही. मी तोंडी धरत नाही असं म्हणणार होतो, पण खाली तुझी बहीण उभी होती आणि तिच्या हातात लाटणं होतं. तेव्हा म्हटलं, "गोदामाचा ट्रककाटा सोमवारी तपासायचाय. त्याला दोन माणसं लागतात."

"गडी ने एखादा."

"गड्याला काट्यातलं काय कळतं? तो वजन ठेवेल आणि वरून टेकून उभा राहील."

"म्हणजे राहा म्हणतोस?"

"मी म्हटलं, काट्याला दोन माणसं लागतात. ऐकू येत नाही का?"

"ऐकू येतं. सरळ बोलता येत नसेल तर राहू दे."

"तुला कधी आलं?"

असं आम्ही बराच वेळ बोललो. मध्ये ट्रकवाल्यांनी विचारलं, कपाट खाली न्यायचं की वर ठेवायचं? दोघांनी एकदमच त्यांना सांगितलं, थांबा जरा, दिसत नाही का बोलतोय! शेवटी ते कपाट जिन्याच्या वळणावर टाकून निघून गेले. अजून तिथेच आहे. अंग चोरून जावं लागतं. मी आधीच सांगितलं होतं, माप चुकीचं घेतलंय.

सोमवारी ट्रककाटा केला. त्याने एक वजन चुकीच्या कोपऱ्यात ठेवलं, मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही, फरक आला, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. गोदामवाला म्हणाला, "तुम्ही दोघं भाऊ का?" मी म्हटलं, कागदोपत्री.

त्याचं जाणं रद्द झालेलं नाही. पुढच्या महिन्यात जाईन म्हणतो. जाईना का! मी काही अडवलेलं नाही. मुलीला मात्र त्याने फोन करून सांगितलं की इथे एकट्या माणसाच्या भरवशावर काटे टाकून येणं धोक्याचं आहे. एकटा माणूस म्हणजे मी. चाळीस वर्षं काय मी गवत उपटत होतो?

आणि आता तुझ्याकडे तक्रार. तुझं ते मशीन थंडगार पडलंय. पापणी लवायच्या आत पत्र पोचतं, असं तू म्हणायचास, पोचत असेलही. पण पाठवतोय कोण? वरचा आता दिवसातून दहा वेळा खाली येतो. सकाळी चहाच्या आधी येतो आणि खिडकीवर बोलायला लागतो. तोंडी! मागचा संदर्भ नाही, पुढचा पत्ता नाही, तोंडाला येईल ते. मी म्हणतो, हे तू मागे असं म्हणाला होतास. तो म्हणतो, दाखव. आता काय दाखवू, तोंडी बोलण्याचा कागद कुठून आणू! आधी कसं, त्याचं पत्र आलं की दोन दिवस विचार करून त्याला असं झोडता यायचं की वाचताना कान लाल व्हावेत. आता मी शब्द शोधेपर्यंत तो जेवून झोपलेला असतो. तुझी बहीण म्हणते, घरात बाजार भरलाय. तिलाही मी म्हटलं, तुझ्या भावाला सांग, त्यानेच केलंय हे.

तेव्हा ते मशीन थोडं अडखळेल असं काही करता येईल का? फार नको. एखाद-दोन दिवस पत्र रेंगाळावं, एवढंच. नाही तर तपासनिसाला उठवून पुन्हा कामाला लाव. तोही रिकामाच बसलाय.

तू नोकरीत काय करत होतास हे मला कधी कळलं नव्हतं. अजूनही कळलेलं नाही. पण बरा आहेस.

तिकिटं संपली आहेत, कोपऱ्यावरून आणतो आणि आजच टाकतो.

तुझ्या बहिणीचा नवरा

ता. क. अक्षर बदललेलं दिसेल. हा तिकिटं आणायला गेलाय, पत्र टेबलावर उघडंच टाकून. अशी याची गुपितं. ट्रककाट्याचं वजन मी बरोबर ठेवलं होतं, कोपरा यानेच चुकीचा सांगितला. पुढच्या महिन्यात मी जाणार आहे असं मी रोज म्हणतो. जाणार नाही. पेट्या सोडून झाल्यात, मुलीलाही कळवलंय. याला मात्र कळवू नका, डोक्यावर बसेल. महिनाभर तरी घाबरू दे. आला, मला शोधत आधी वर निघालाय, जिन्यात कपाटाला शिव्या देतोय. तो उतरायच्या आत पाकीट चिकटवून टाकतो. थांबतो.

वरचा